पोपटाची मान वाढवली

पॅकर्सच्या माणसाने पाय धरून हलवून बघेपर्यंत माझा त्या टेबलाशी काडीचा संबंध नव्हता. मी समोरच्या फ्लॅटमध्ये गेले होते ते माझं पातेलं आणायला.

बहारीनच्या जुफैर भागात आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच फ्लॅट. एकात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक. दुसऱ्यात एक जर्मन बाई. त्यांचे मिस्टर अस्करच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचे साहेब होते. रिटायर झाल्यावरही ते सल्लागार म्हणून इथेच राहिले आणि मागच्या हिवाळ्यात गेले. तेव्हापासून मी दोन-तीन दिवसांआड त्यांना काहीतरी करून पाठवायचे. मुगाची खिचडी त्यांना फार आवडायची. त्या भांडं कधी रिकामं परत द्यायच्या नाहीत, त्यामुळे माझी निम्मी भांडी कायम त्यांच्याकडे अडकलेली. तोंडावर मी त्यांना मॅडम म्हणायची आणि घरात आजी. इथेही आजीच म्हणते.

तर आजींना आता परत जायचं होतं. नवऱ्यामुळे मिळालेला व्हिसा संपत आला होता, आणि तिकडे त्यांच्या गावी वृद्धाश्रमात एक खोली मिळाली होती. पलंग, कपाट, खुर्ची, सगळं आश्रमाचं. स्वतःच्या घरचं एकच सामान आणता येईल असं आश्रमाने पत्राने कळवलं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारातलं एक सामान! मला विचारलं असतं तर मी आठवडाभर रडत बसले असते. आजींनी पत्र वाचता वाचताच टेबल ठरवून टाकलं.

पॅकर्सचा माणूस केरळचा, हिंदीत बोलणारा, बहारीनमध्ये मुरलेला. त्याने टेबलाचा एक पाय धरला आणि गदागदा हलवला. टपटप करत सात मणी फरशीवर पडले.

"मफी, मॅडम, मफी, नहीं होगा," तो म्हणाला. "कंटेनर में सब गिर जाएगा. ये मैं नहीं ले जा सकता."

त्याच्या फॉर्मवर सामानाची अवस्था लिहायचा रकाना होता. त्यात त्याने इंग्रजीत 'ब्रोकन' असं लिहिलं. आजींनी त्याच्या हातून पेन काढून घेतलं आणि तो शब्द खोडला. त्याला राग आला नाही. तीन आठवड्यांनी कपड्यांची खोकी उचलायला येईन, तेव्हा पुन्हा हलवून बघेन, एकही मणी पडला नाही तर इंशाल्ला नेईन, असं सांगून तो गेला.

मी पातेलं हातात धरून उभी होते. पायाशी घरंगळत आलेला एक मणी उचलला, उजेडात धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! ही तर पोत!"

पोत म्हणजे आपले काचेचे बारीक मणी. मंगळसूत्रात काळे असतात तेच, फक्त इथे हिरवे, निळे, गुलाबी, मधासारखे पिवळे. चौरंगापेक्षा थोडं मोठं टेबल, बाकदार पाय, आणि वरचा अख्खा पृष्ठभाग या मण्यांनी भरलेला. कडेने फुलांच्या वेली, मधोमध फांदीवर बसलेला एक लठ्ठ हिरवा पोपट. आजींच्या पणजीच्याही आधीपासून ते त्यांच्या घरात होतं. अडीचशे वर्षांचं असेल, असं त्या म्हणाल्या. दोन घरं जळाली, एक लढाई झाली, टेबल वाचलं. आणि इथे बहारीनमध्ये, एसीच्या वाऱ्यात आणि बाहेरच्या दमट हवेत, पंधरा वर्षांत ते सुटायला लागलं.

माझं बालपण साताऱ्यात पोतीच्या पसाऱ्यात गेलं. आई रुखवताची कामं करायची. तोरण, मण्यांचा नारळ, समईखालचं आसन, आणि हमखास एक पोपट. आमच्या आळीतल्या निम्म्या पोरी आईच्या पोपटाला घेऊन सासरी गेल्या. मला मात्र ते काम मुळीच आवडायचं नाही. सुया टोचून बोटांची चाळण व्हायची. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असा दरारा, म्हणून बसायचे. लग्न झालं तेव्हा मी कानाला खडा लावला होता की पुन्हा सुईत पोत घालणार नाही.

आणि त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमध्ये उभी राहून, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणाले, "मॅडम, मी करते दुरुस्त."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कामावर निघताना ऐकलं आणि पायातला बूट तसाच अर्धा ठेवला. "तुला वेड लागलंय का? अडीचशे वर्षांची वस्तू आहे ती. तुला मिक्सरचं झाकण धड लावता येत नाही."

"मिक्सर तुमच्या आईने दिलेला आहे," मी म्हणाले. "त्याचं झाकण कुणालाच लावता येत नाही."

पण खरं सांगते, मलाही खात्री नव्हती. एकदा तोंडातून गेलं होतं आणि आता माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. लहानपणी आई मला हट्टी म्हणायची, सासूबाई करारी म्हणायच्या, नवरा काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

आजी मात्र एकदम हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी जर्मनीतल्या एका जाणकाराला फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर तो बराच वेळ कपाळाला हात लावून बसला. शेवटी त्याने सांगितलं की सुटलेल्या ओळींनाच हात लावा, घट्ट बसलेल्या मण्यांकडे बघूसुद्धा नका, आणि कुठलाही आधुनिक गोंद वापरू नका. हे मणी एकेक चिकटवलेले नाहीत, दोऱ्यात ओवून, ती माळ ओल्या लांबीत, म्हणजे सुतार भेगा भरायला वापरतात त्या लगद्यात, दाबून बसवलेली आहे. दोरा कुजला, लांबी वाळून भुगा झाली, म्हणून मणी सुटतात. हे ऐकल्यावर मी नवऱ्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने चहा करायला गेला. ओवायचंच काम होतं!

लांबीसाठी मी हमद टाउनला गेले. तिथल्या एका राउंडअबाउटजवळ रत्नागिरीच्या एका मुसलमान सुताराचं दुकान आहे. आमचं देवघर त्यांनीच केलंय. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी वाळलेल्या लांबीचा चुरा बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, ही आपली जुनी लांबी. खडूची भुकटी आणि अळशीचं तेल. माझे वालिद अशीच मळायचे. डब्यातली घेऊ नका, ती तडकते." त्यांनी मला मळून दाखवली. कणकेसारखी, पण जरा घट्ट. मळायला लागल्यावर मला धीर आला, कारण कणीक मळण्यात मला कुणी शिकवायची गरज नाही.

टेबल आमच्या हॉलमध्ये आणण्याआधी आजींनी मला समोर बसवलं. कॉफी केली. मग पोपटाच्या डोक्यावर बोट ठेवलं. डोळ्याच्या जागी एक बारीक भोक होतं.

"याला डोळा नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे काळी पोत आहे. अगदी याच मापाची. आईच्या डबीतली. एक मणी लावला की..."

"नाही," आजी म्हणाल्या.

"अहो, आंधळा दिसतो तो."

"एकही मणी वाढवायचा नाही." त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण आवाज आमच्या आईचा होता. "मी पाच वर्षांची होते. आजीच्या केसातली पिन घेऊन मी तो डोळा उकरून काढला. मला बघायचं होतं, तो रडतो का. माझ्या आजीने मला थोबाडीत मारली, आणि नंतर मला मांडीवर घेऊन तीच रडली. तो मणी पुन्हा सापडला नाही. हे भोक माझं आहे. आहेत तेवढे मणी बसव. नवा एकही नको. वचन दे."

मी वचन दिलं. मनातून पटलं नव्हतं. आंधळा पोपट घेऊन म्हातारी परदेशी निघालीय, असं वाटून जीव तुटत होता. पण वचन दिलं.

मग सुरू झालं काम. सकाळी नवरा आणि लेक गेले की मी खिडकीपाशी बसायची. सुटलेली ओळ चिमट्याने एकेक मणी उचलत काढायची. त्याच क्रमाने ठेवायची, कारण एका हिरव्यात पाच हिरवे होते आणि क्रम चुकला की पोपटाच्या पंखावर डाग दिसला असता. आई ताटात ज्वारीचं पीठ पसरायची आणि त्यात बोटाने रेघ ओढून मणी ठेवायची. पिठात मणी घरंगळत नाहीत. मीही तेच केलं. एकेका ओळीतले मणी मोजून कागदावर आकडा लिहायचा, नव्या दोऱ्यात ओवायचे, जुन्या लांबीचा भुगा ब्रशने झाडायचा, नवी लांबी भरायची आणि माळ वर ठेवून अंगठ्याने दाबायची. एका सकाळी दोन ओळी व्हायच्या. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. दुपारी लेक शाळेतून आली की म्हणायची, "ममा, यू आर स्मेलिंग लाइक पेंट." मी म्हणायची, "मराठीत सांग." मग ती नाक धरून दाखवायची.

रोज चार वाजता आजी कॉफीचा थर्मास घेऊन यायच्या. काही बोलायच्या नाहीत. माझ्या खांद्यामागे उभ्या राहून नुसत्या बघायच्या. पहिले काही दिवस मला वाटायचं, परीक्षा घेतात. नंतर लक्षात आलं, त्यांच्या घरात आता बोलायला कुणी नव्हतं आणि इथे गप्प बसायला तरी कुणी होतं.

दोन आठवड्यांत वेली झाल्या, फुलं झाली, फांदी झाली. राहिली पोपटाची मान. तीन ओळी. सगळ्यात नाजूक.

पहिल्या दोन बसल्या. तिसरी ओवून झाली होती, एक्केचाळीस मणी, गर्द हिरव्यापासून पोपटी होत गेलेले. मी माळ ताटातून उचलली, आणि काय झालं कोण जाणे, सुईचं नाक दोऱ्याला घासलं असेल, दोरा गेला. सगळी माळ फरशीवर. सोफ्याखाली, टीव्हीखाली, बाल्कनीच्या दाराच्या खाचेत. मी ओरडलेसुद्धा नाही. हात लांबीने भरलेले, तशीच गुडघ्यांवर बसले. घड्याळात पावणेचार झाले होते. म्हणजे पंधरा मिनिटांत आजी थर्मास घेऊन येणार, सपाता घालून, आणि पाऊल ठेवतील तिथे पोपटाची मान.

लेक आतल्या खोलीत होती. मी तिला हाक मारली.

"अगं, पळ लवकर! समोर जाऊन आजींना सांग, पोपटाच्या मानेची पोत वाढवली, आज येऊ नका."

आता हे इथे समजावून सांगायला हवं. मराठी बाईला सांगायला नको. आमच्या घरात पोत कधी 'तुटली' म्हणत नाहीत. मंगळसूत्राचा दोरा गेला की मंगळसूत्र 'वाढवलं', बांगडी पिचकली की बांगडी 'वाढवली'. 'तुटलं' हा अशुभ शब्द. आई तर तोरणाची माळ सुटली तरी वाढवली म्हणायची, आणि मी चुकून तुटली म्हणाले की पाठीत धपाटा घालायची. त्यामुळे लांबीने हात माखलेले असताना आणि मणी घरभर पसरलेले असतानाही माझ्या तोंडून तोच शब्द आला. दुसरा येणंच शक्य नव्हतं.

पण माझी लेक बहारीनमध्ये जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली. तिला 'आवाज वाढवू नकोस' माहीत, 'फॅन वाढव' माहीत. तिने समोरचं दार वाजवलं आणि इंग्रजीत निरोप दिला की आईने पोपटाची मान वाढवली आहे, तुम्ही आज येऊ नका.

मला यातलं काही कळलं नाही. मी फरशीवर होते.

चार वाजले, आजी आल्या नाहीत. सुटले, असं वाटलं. संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले तर दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. सकाळी आमच्या दाराखाली एक चिठ्ठी होती. आजींचं अक्षर ताठ, एकेक अक्षर वेगळं. 'काम कृपया थांबवा. टेबल आहे तसं मला परत द्या. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता.'

मी चिठ्ठी तीनदा वाचली. रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला. एक दोरा गेला तर एवढं? दोन आठवडे मान मोडून काम केलं ते कुठे गेलं? नवरा म्हणाला, "देऊन टाक परत. कशाला डोक्याला ताप?"

"परत देईन," मी म्हणाले, "पण एक्केचाळीस मणी लावून देईन. चाळीस लावून नाही."

कारण चाळीस सापडले होते. एक नव्हता. आईच्या डबीत साधारण तसला हिरवा मणी होता, लावला असता तर देवालाही कळलं नसतं. पण मी एकही न वाढवायचं वचन दिलं होतं, आणि म्हातारी रागावली म्हणून वचन संपत नाही. मी सोफा उलटा केला. व्हॅक्युम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी चाळली. फ्रिज ओढून बाजूला केला आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला लसणाचा चिमटा सापडला, मणी नाही. बाल्कनीच्या दाराची खाच टूथब्रशने खरवडली. लेक सुरुवातीला हसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तीही गुपचूप पालथी पडून टीव्हीच्या कपाटाखाली टॉर्च मारायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःची स्लीपर उलटी धरून माझ्यापुढे केली. तळव्याच्या नक्षीत, चिखलात, एक पोपटी ठिपका. निरोप द्यायला पळाली तेव्हाच तिच्या पायाला लागून तो समोरच्या दारापर्यंत जाऊन आला होता. मी तिला असं घट्ट धरलं की ती "ममा, स्टॉप!" म्हणून ओरडली.

त्याच संध्याकाळी मी मान पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात आजी, मागे पॅकर्सचा माणूस आणि त्याचे दोन गडी. आजींच्या ओठांची रेघ झालेली. शनिवार होता, लेक घरी होती.

"मी टेबल न्यायला आले," आजी म्हणाल्या.

"घेऊन जा," मी म्हणाले. माझाही पारा चढलेला. "पण आधी ऐकून घ्या. चूक माझी आहे. मी कबूल करते. मला माफ करा. पण माणसाच्या हातून होतं कधीकधी!"

"हे हातून होत नाही," आजी म्हणाल्या. "हे माणूस ठरवून करतो. मी तुला स्पष्ट सांगितलं होतं."

"ठरवून? मी ठरवून करेन असं वाटतं तुम्हाला?"

"तूच निरोप पाठवलास! मान वाढवली म्हणून! किती मणी लावलेस? पाच? दहा? माझ्या पोपटाची मान तू लांब केलीस?"

मागे पॅकर्सचा माणूस वाकून खरोखर पोपटाची मान बघायला लागला.

मग मी लेकीकडे वळले. "तू काय सांगितलंस गं?"

"जे तू बोललीस तेच! यू सेड वाढवली!" ती रडायच्या बेतात आली. मग थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "वेट. दॅट डे, साताऱ्याच्या आजीची बांगडी... शी सेड वाढवली, अँड इट वॉज इन टू पीसेस." तिने तोंडावर हात ठेवला. मग ती आजींकडे गेली आणि इंग्रजीत, हळूहळू, एकेक शब्द तोलून तिने सांगितलं. दोरा तुटला होता. आईने काही लावलं नाही. आमच्याकडे मणी तुटला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, म्हणजे उलटंच म्हणतात. मला माहीत नव्हतं. सॉरी.

आजी टेबलाजवळ गेल्या. चष्मा काढला, नाक लावून मानेची ओळ बघितली. मग बोट पोपटाच्या डोक्यावर नेलं. भोक तसंच होतं. त्यांनी ते बोटाने दोनदा चाचपलं.

"तू मोजलेस?" त्या म्हणाल्या.

"एक्केचाळीस," मी म्हणाले. "एक तीन दिवस सापडत नव्हता."

"तीन दिवस," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. "आणि मी तीन दिवस टीव्हीचा आवाज मोठा करून बसले, तुझी बेल ऐकू येऊ नये म्हणून."

पॅकर्सच्या माणसाने घड्याळ बघितलं. आजींनी मान हलवून त्याला खूण केली. "यल्ला, चलो," तो म्हणाला आणि त्याने टेबलाचा तोच पाय दोन्ही हातांनी धरला. मी डोळे मिटले. आईची शपथ, मी डोळे मिटले. तो गदागदा हलवत होता आणि मी कान देऊन होते. टप नाही. टिप नाही. त्याने दुसरा पाय धरला, तिसरा, चौथा. वरच्या फळीवर मुठीने ठोकलं. फरशीवर काही पडलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा लेक माझा पदर... कुठला पदर, माझ्या टी-शर्टचं टोक धरून उभी होती.

"खलास, हो गया," तो हसून म्हणाला. "ले जाऊँगा."

त्याने फॉर्म काढला. अवस्थेचा रकाना आला. पेन थांबवून त्याने पोपटाच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. इथे एक मणी नाही, काहीतरी लिहावं लागेल, नाहीतर तिकडे पोचल्यावर आमच्यावर येईल.

आजी माझ्याकडे वळल्या. "मला एक सांग. काही तुटलं की तुम्ही हा दुसरा शब्द वापरता. मग तुटलं हा शब्द कधी वापरता?"

मला उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. त्या बाईला नवरा पुरून पाचच महिने झाले होते. पण मी तिच्याशी खोटं बोलले नसते.

"नवरा गेल्यावर," मी म्हणाले. "तेव्हा पोत तुटते. म्हणून आधी कधीही तो शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही."

आजींनी हळूच मान डोलावली. मग पॅकर्सच्या माणसाकडे बघितलं. त्याने पेन 'ब्रोकन'साठी टेकवलेलंच होतं.

"तो नको," त्या म्हणाल्या. "तो शब्द माझ्याकडे आहे. टेबलासाठी हिचा शब्द लिही."

त्याला काही कळलं नाही. त्याने स्पेलिंग विचारलं. माझ्या लेकीने एकेक अक्षर सांगितलं, आणि त्याने त्या रकान्यात इंग्रजी लिपीत नीट लिहिलं: वाढवलं.